काळा घ्यावा की पांढरा?

उपासक-उपासिकांनो,

मोबाइल फोन काळ्या रंगाचा घ्यावा की पांढऱ्या रंगाचा, हा काही मोठा प्रश्न नाही असे तुम्ही म्हणाल. तुमचे म्हणणे खरे आहे. काळा घेतला काय आणि पांढरा घेतला काय, पलीकडच्या माणसाचा आवाज तोच येतो आणि पैसेही बहुधा तेवढेच पडतात. मग या विषयावर चार शब्द कशासाठी लिहावेत? कारण असे की, मोठ्या प्रसंगी माणूस जे बोलतो ते पुष्कळदा शिकलेले असते, आणि लहानसहान प्रसंगी जे बोलतो ते अंगात मुरलेले असते. विहारात त्रिसरण-पंचशील घेताना आपण सावध असतो. दुकानात आपण सावध नसतो. म्हणून आपली दृष्टी कितपत बदलली आहे हे पाहायचे असेल, तर ते दुकानातच पाहिले पाहिजे.

तुमसरच्या बाजारातील मोबाइलचे एखादे दुकान डोळ्यांपुढे आणा. उन्हाळी धानाचे चुकारे हाती आले आहेत. घरची मुलगी बारावी पास होऊन नर्सिंगच्या शिक्षणाला नागपूरला निघाली आहे. तिला फोन घ्यायला बाबा, आत्या आणि थोरला भाऊ असे तिघे सोबत आले आहेत. दुकानदार एकाच जातीचे दोन फोन काचेवर ठेवतो, एक काळा आणि एक पांढरा. मुलगी काळा उचलते. आत्या लगेच म्हणते, "काळा नोको घेऊ वं पोरी. चांगल्या कामाले निघाली, काळं कायले?" मुलगी काळा खाली ठेवून पांढरा हातात घेते. भाऊ हसून म्हणतो, "पांढरा घेशील त अजूनच काळी दिसशील." दुकानदारही हसतो. मुलगी काही बोलत नाही. पांढराही ती काचेवर ठेवून देते. मग दुकानदार आतून निळा काढतो. बाबा म्हणतात, "हा बरा. हा आपला रंग आहे." निळा फोन घेऊन सगळी मंडळी समाधानाने घरी येतात. सगळी म्हणजे मुलगी सोडून.

या प्रसंगात कोणी वाईट नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. आत्याचा जीव भाचीत आहे. भावाने थट्टा केली, पण फोनच्या पैशात त्याचीही मजुरी आहे. बाबांचा निळ्यावरील जिव्हाळा खरा आहे. तरीसुद्धा तिघांनी दिलेली तीन कारणे आपण नीट तपासली पाहिजेत, कारण ही कारणे त्या एका दुकानातली नाहीत. ती तुमच्या-माझ्या घरातली आहेत.

पहिले कारण आत्याचे: काळे अशुभ असते. हे तिला कोणी शिकवले? बावीस प्रतिज्ञांमध्ये कोणत्याही रंगाला शुभ-अशुभ म्हटलेले नाही. घरातल्या देव्हाऱ्याची जागा तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेने घेतली, पण देव्हाऱ्याभोवतीचे शकुन-अपशकुन मात्र घरातच राहिले. लेकराच्या गालावर काजळाची तीट राहिली, नव्या गाडीला लिंबू-मिरची राहिली, आणि शुभकार्याला काळे नको हेही राहिले.

आता हा समज बुद्धीच्या कसोटीवर लावून पाहा. ज्या समाजात काळे अशुभ मानतात, त्याच समाजात सौभाग्याची खूण म्हणून गळ्यात काळी पोत घालतात. संक्रांतीला काळी साडी हौसेने नेसतात. विठोबाच्या सावळेपणाचे कौतुक शेकडो वर्षे चालू आहे. काळा रंग मुळात अशुभ असता, तर तो गळ्यात शुभ आणि अंगावर अशुभ, संक्रांतीला शुभ आणि लग्नात अशुभ, असा कसा झाला असता? विस्तव सोमवारी भाजतो आणि मंगळवारीही भाजतो. जो गुण वस्तूत असतो तो दिवस पाहून बदलत नाही. जो दिवस पाहून बदलतो तो वस्तूचा गुण नव्हे, ती माणसांनी केलेली समजूत होय.

आणि पांढऱ्याला तरी आपल्या भाषेने कुठे सोडले आहे? ज्याची बदनामी झाली त्याने तोंड काळे केले म्हणतात. पण जिच्या येण्याने घरात काही वाईट घडले असे लोक धरून चालतात, त्या बिचारीला पांढऱ्या पायाची म्हणतात, आणि जिचा नवरा गेला तिला पांढऱ्या कपाळाची म्हणतात. म्हणजे शिवी द्यायची ठरली की काळाही चालतो आणि पांढराही चालतो. दोष रंगात नाही. दोष देणाऱ्याला दोष द्यायचा असतो, रंग तो नंतर शोधतो.

टेलिफोनचेच उदाहरण घ्या. आज हातात मावतो तो फोन येण्याच्या कितीतरी आधी, कचेरीच्या टेबलावर जाडजूड, बोटाने चकती फिरवायचा टेलिफोन असे. तो बहुतेक काळाच असे. बेकेलाइट नावाच्या ज्या पदार्थाचा तो बनवीत, त्याला काळा रंग सोयीचा पडे. तो काळा टेलिफोन ज्याच्या घरी असेल तो गावातला मोठा माणूस. त्याच टेलिफोनवर मुलगा झाल्याची बातमी येई आणि त्याच टेलिफोनवर मृत्यूचीही येई. त्या काळ्या यंत्राला अशुभ म्हटल्याचे तुमच्या ऐकण्यात आहे काय? उलट त्याच्यावर भरतकामाचा रुमाल घालीत. गरज होती, मान होता, म्हणून रंग कोणाच्या डोळ्यांत आला नाही.

तुमसर तालुक्यातल्या लोकांना तर आणखी जवळचे उदाहरण आहे. डोंगरी बुजुर्गच्या खाणीतून मँगेनीजचा काळा दगड निघतो. त्या दगडातले मँगेनीज डायऑक्साइड टॉर्चमध्ये घालतात त्या सेलच्या कामी येते. सेल फोडून पाहिला तर आत काळी भुकटी दिसते, ती हीच. अंधाऱ्या रात्री बांधावरून जाताना तुमच्या वडिलांच्या हातातल्या टॉर्चचा जो उजेड होता, तो या काळ्या भुकटीवर चाले. खाणीवर काम करणाऱ्या माणसाचे हात संध्याकाळी काळे होतात आणि त्या हातांवर त्याचे घर चालते. ते काळे अशुभ काय?

गावगाड्याच्या भाषेत शेतजमिनीला काळी म्हणतात आणि गावठाणाला पांढरी. काळीत धान पिकते, पांढरीत माणसे राहतात. आपल्या आजोबा-पणजोबांची वस्ती पांढरीच्या बाहेर होती. काळीत ते राबले, पण काळी बहुतेकांच्या नावावर नव्हती. तरी काळीने त्यांच्या हातचे बी नाकारले नाही. नाकारले ते माणसांनी. हा इतिहास ज्याच्या घरात आहे, त्याने तरी काळ्या रंगाला नावे ठेवू नयेत.

दुसरे कारण भावाचे, आणि त्याकडे मला तुमचे विशेष लक्ष वेधायचे आहे. "पांढरा घेशील त अजूनच काळी दिसशील." आत्याने फोनचा रंग पाहिला, भावाने बहिणीचा पाहिला. हे वाक्य त्या मुलीने दुकानात पहिल्यांदा ऐकलेले नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात पहिल्या रांगेत कोणाला उभे केले, लग्नाला जाताना कोणत्या बहिणीला पिवळी साडी दिली आणि कोणत्या बहिणीला तुला खुलणार नाही म्हणून सांगितले, हे सगळे तिच्या लक्षात आहे. आता हातात धरायच्या वस्तूलाही तिच्या कातडीची परवानगी लागते असे तिला कळले.

आपण जातीविरुद्ध बोलतो. पण आपल्याच वधू-वर मेळाव्यांच्या पुस्तिका उघडून पाहा. "गोरी, सुंदर, अनुरूप वधू पाहिजे." मुलीची माहिती देतानाही आईबाप सावळीच्या जागी निमगोरी लिहितात. गोरे होण्याचे म्हणून विकले जाणारे मलम या देशात 1975 साली बाजारात आले आणि 2020 साली कंपनीला त्याच्या नावातून 'फेअर' हा शब्द काढावा लागला. डबीवरचे नाव बदलले. आपल्या पुस्तिकेतला शब्द कधी बदलणार?

रंगावरून माणसाची प्रत लावणे हे भगवान बुद्धांच्या काळीही होते, आणि त्याला त्यांनी दिलेले उत्तर प्रत्येक बौद्ध घरात माहीत असले पाहिजे. पूरण कस्सप नावाचा एक आचार्य होता. त्याने माणसांचे सहा वर्ग केले होते आणि त्यांना रंगांची नावे दिली होती. सर्वांत खाली काळा वर्ग. त्यात त्याने खाटीक, पारधी, कोळी, चोर, जल्लाद अशांना घातले. वर चढत चढत निळा, तांबडा, पिवळा, पांढरा, आणि सर्वांच्या वर अतिशुभ्र. त्या अतिशुभ्रात त्याने कोणाला बसविले? मक्खलि गोसाल आणि त्याच्यासारख्या आजीवक पंथाच्या आचार्यांना. हे वर्गीकरण आनंदाने राजगृहाच्या गृध्रकूटावर तथागतांच्या कानावर घातले. तथागतांनी एकच प्रश्न विचारला. पूरण कस्सपाला अशी वाटणी करण्याचा अधिकार साऱ्या जगाने दिला आहे काय? आनंद म्हणाला, नाही. तेव्हा तथागतांनी दृष्टांत दिला: एखाद्या गरीब, निर्धन माणसाची इच्छा नसताना त्याच्यावर मांसाचा तुकडा लादावा आणि वर सांगावे की हे खा आणि याची किंमतही दे, तसे हे आहे.

हा दृष्टांत मनात घोळवा. ज्याने मागितले नाही त्याच्यावर लादायचे आणि त्याचीच किंमत त्याच्याकडून वसूल करायची. अस्पृश्यतेचे याहून नेमके वर्णन कोणते? आणि सावळ्या मुलीच्या बाबतीत आपण करतो ते तरी याहून निराळे काय आहे? रंग तिने मागितला नव्हता. किंमत मात्र तिने द्यायची. कधी हुंड्याच्या वाढलेल्या आकड्याने, कधी दुकानातल्या हसण्याने.

तथागत तेवढ्यावर थांबले नाहीत. काळे आणि पांढरे हे शब्द त्यांनी ठेवले, पण त्यांचा अर्थ पालटला. हीन म्हटल्या जाणाऱ्या घरात जन्मलेला माणूसही काळे कर्म करू शकतो, शुभ्र कर्म करू शकतो आणि निर्वाणही मिळवू शकतो. उच्च म्हटल्या जाणाऱ्या घरातल्याचेही तसेच. म्हणजे काळे-पांढरेपण कातडीवरून उचलून त्यांनी कृतीवर ठेवले. जे मनुष्याच्या हाती नाही त्यावरून त्याला तोलायचे नाही, जे त्याच्या हाती आहे त्यावरून तोलायचे.

आश्वलायन नावाचा ब्राह्मण तरुण तथागतांकडे वादाला आला, तेव्हा त्याचाही दावा हाच होता की ब्राह्मण तेवढा शुक्ल वर्ण, बाकीचे कृष्ण. तथागतांनी त्याला विचारले, उच्च कुळातल्याने चंदनाच्या लाकडावर पेटविलेला अग्नी आणि चांडाळाने कुत्र्याच्या डोणीच्या लाकडावर पेटविलेला अग्नी, या दोहोंत ज्योत, तेज आणि उजेड असतो की एकात असतो आणि दुसऱ्यात नसतो? आश्वलायनाला कबूल करावे लागले की दोहोंत असतो. आता तुमचे दोन्ही फोन बंद करून समोर ठेवा. ज्याला पांढरा म्हणता त्याचीही पुढची काच काळीच दिसेल, कारण पांढरी असते ती पाठ. दोन्ही चालू करा. उजेड सारखाच. आणि घरी गेल्यावर दोघांच्या पाठीवर कव्हर चढणार आहे.

माणसांना एकदा रंगाचा गर्व झाला की काय होते, हे अग्गञ्ञ सुत्तात सांगितले आहे. आरंभीचे प्राणी पृथ्वीचा गोड रस खाऊन राहत. पुढे कोणी उजळ झाले, कोणी निस्तेज झाले. उजळांनी इतरांना हिणवायला सुरुवात केली, आणि त्या गर्वापायी तो रस पृथ्वीवरून नाहीसा झाला. कथेचा अर्थ घरातही लागू आहे. ज्या घरात एका लेकीला रंगावरून हिणवतात, त्या घरातली गोडी जाते. भाऊ हसला तो क्षण आठवा.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. वर्ण शब्दाचा अर्थ रंग, आणि म्हणून चातुर्वर्ण्य हे मुळात गोऱ्या-काळ्यांचे भांडण, असे पुष्कळ लोक सहज बोलतात. बाबासाहेबांनी 1946 साली प्रसिद्ध झालेल्या 'शूद्र पूर्वी कोण होते?' या ग्रंथात हे मत मान्य केले नाही. वर्ण या शब्दाचा मूळ संबंध कातडीच्या रंगाशी नव्हता असे त्यांनी पुराव्यानिशी मांडले. तेव्हा गोरा तो वरचा आणि काळा तो आपला, असे अभिमानाने किंवा कमीपणाने म्हणण्याला त्यांच्या विचारात आधार नाही. आपल्यातही गोरे आहेत, त्यांच्यातही काळे आहेत. माणूस रंगाने ओळखायचा नाही, एवढेच खरे.

तिसरे कारण बाबांचे: हा आपला रंग आहे. असेच दुसरे कोणी म्हणेल की आपण बौद्ध, पांढरा आपला, तेव्हा पांढराच घ्यावा. या म्हणण्यामागे इतिहास आहे. पालि ग्रंथांत गृहस्थ उपासकांना श्वेतवस्त्रधारी म्हटले आहे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दीक्षा घेतली ती पांढऱ्या वस्त्रांत, आणि लाखो लोक पांढरी वस्त्रे नेसून आले. पुढे आपल्या मुली पांढरी साडी नेसून बोहल्याविना, मंगलाष्टकांविना लग्नाला उभ्या राहिल्या. शेजारपाजारचे लोक म्हणाले, नवरीने पांढरे नेसायचे म्हणजे काय? आपल्या आयांनी ते ऐकून घेतले आणि पांढरेच नेसले. त्यांचे संसार झाले, लेकरे शिकली. दुसऱ्यांनी ज्याला अवलक्षण म्हटले त्याने काही बिघडले नाही, हा पुरावा आपल्या घरातच आहे.

पण त्या धैर्यातून कोणता धडा घ्यायचा? पांढरा शुभ असतो हा? तसा घेतला तर आपण फक्त शुभ-अशुभाची जागा बदलली. धडा असा आहे की कोणताच रंग शुभ नाही आणि कोणताच अशुभ नाही. पंचरंगी धम्मध्वजात काळा नाही म्हणून काळा आपल्याला वर्ज्य, असेही कोणी सांगेल. ध्वजात नाही ते निषिद्ध असे मानले तर धानाची हिरवी बांधीही सोडावी लागेल. ध्वजाचा रंग ध्वजावर शोभतो. निळ्यावर आपले प्रेम आहे, असावे. परंतु मुलीला निळा आवडला म्हणून घेणे वेगळे, आणि दोन रंगांनी तिला नाकारले म्हणून तिसरा तिच्या हाती देणे वेगळे.

मग रंग निवडायचाच नाही काय? आवड म्हणजे तृष्णा, असे म्हणून कपाळाला आठी घालायची काय? मुळीच नाही. निवडा, आनंदाने निवडा. भंडाऱ्याच्या मे महिन्यात उघड्या उन्हात ठेवलेली काळी वस्तू पांढरीपेक्षा अधिक तापते, शेतावर काम करणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे. पांढऱ्यावर हळदीचा, तेलाचा, ग्रीसचा हात लगेच उमटतो, चुलीजवळ आणि गॅरेजमध्ये वावरणाऱ्याने याचा विचार करावा. काळ्यावर ओरखडा पांढरा होऊन दिसतो. वीज गेल्यावर बाजेवर पडलेला पांढरा फोन चटकन सापडतो, काळा चाचपावा लागतो. एखादा रंग दुकानात मिळत नाही म्हणून त्याच्यामागे धावू नका. 2010 साली आयफोनचा चौथा नमुना निघाला तेव्हा काळा जूनमध्येच मिळू लागला, आणि पांढरा बनावटीच्या अडचणींमुळे 2011 च्या एप्रिलमध्ये आला. तोपर्यंत काळ्यावर लोकांची सगळी कामे होत होती. आणि यातले काहीच लागू नसेल, तर मला हा आवडतो एवढे कारणही पुरेसे आहे. त्या कारणाने कोणाचे मन दुखत नाही.

रंगाचे खरे काम कोणते, हे विनयात एका लहान नियमातून दिसते. साकेताहून श्रावस्तीला जाताना भिक्खूंना आणि परिव्राजकांना चोरांनी लुटले. राजाच्या माणसांनी चोर पकडले आणि भिक्खूंना निरोप धाडला की या, तुमची चीवरे ओळखा. भिक्खूंना ओळखता येईनात. तेव्हापासून नियम झाला की नवे चीवर वापरण्यापूर्वी त्यावर निळा, चिखलाचा किंवा काळसर असा एक ठिपका करावा. लेकराच्या गालावरची तीट आणि चीवरावरचा हा ठिपका, दोन्ही काळेच. पण पहिला भीतीपोटी लावतात आणि दुसरा ओळख पटावी म्हणून. घरात दोन फोन असतील तर एक काळा आणि एक पांढरा घ्यावा, म्हणजे आईचा कोणता आणि मुलाचा कोणता हे लगेच कळेल. रंगाकडून एवढेच काम घ्यावे. त्याच्याकडून प्रतवारीचे काम घेऊ नये.

तेव्हा माझी विनंती एवढीच आहे. पुढच्या वेळी दुकानात जाल तेव्हा तोंडून निघणारे कारण निघण्यापूर्वी एकदा पाहा. ते वस्तूविषयी आहे की माणसाविषयी? वस्तूविषयी असेल तर खुशाल बोला. माणसाच्या कातडीविषयी असेल तर गिळून टाका, आणि घरी जाऊन ते आपल्यात कोठून आले याचा शोध घ्या. आत्यांनी काळी पोत आठवावी. भावाने बहिणीची क्षमा मागावी, त्यात कमीपणा नाही. आणि बाबांनी मुलीला विचारावे, "तुला कोणता पाहिजे होता?" ती काळा म्हणेल किंवा पांढरा म्हणेल. आता फोन बदलून मिळणार नाही कदाचित. पण हा प्रश्न तिला घरात कोणीतरी विचारला, हे ती नागपूरला सोबत घेऊन जाईल.

भवतु सब्ब मंगलं.